सर्टिफिकेट मिळालं... पुढं काय?

यंदा संपादक मंडळाने नोटीस बोर्डवर लिहिलं होतं, 'कविता पुरे झाल्या, माहितीपर लेख द्या.' कविता मला जमतच नाहीत, म्हणून मी लगेच नाव दिलं. विषय मात्र लायब्ररीत सापडला नाही. तो घरी सापडला.

माझं गाव धारूर तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. तुमच्यापैकी निम्म्या जणांना वेगळं सांगायला नको, दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे गाव रिकामं व्हायला लागतं. ट्रॅक्टर-ट्रक येऊन उभे राहतात, त्यात भांडी, पीठ, सरपण, शेळ्या आणि लेकरं चढतात, आणि गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत घराला कुलूप.

या चक्रातून बाहेर पडायचं म्हणून आमच्या दादाने सरकारी योजनेतला तीन महिन्यांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. त्याच केंद्रावर, त्याच वर्षी, ताईने शिवणकामाचा केला. कोर्स संपताच दादाला चाकणच्या बाजूला एका ठेकेदाराकडे काम लागलं. आईने गल्लीत पेढे वाटले. अडीच महिन्यांत दादा बॅग घेऊन परत! "आरं, खोलीचं भाडं अन् खानावळ जाऊन हातात राह्यलं तर घरी पाठवीन ना," एवढंच म्हणाला. पुढच्या हंगामात दादा-वहिनी पुन्हा कोयता घेऊन गेले.

ताईला नोकरी लागली नाही. पण सासरी एक जुनी मशीन पडून होती. ब्लाऊज, फॉल-पिको, जून महिन्यात शाळेचे गणवेश, असं करत करत तिने जम बसवला. दोन हंगाम झाले, ताई आणि दाजी उसाला गेलेले नाहीत.

मागच्या सुट्टीत दादाच्या सर्टिफिकेटची दुसरी प्रत काढायला मी त्या केंद्रावर गेलो. ऑपरेटरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दादाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नोकरी : होय.' कौतुकाने ताईचं नावही बघितलं. 'नोकरी : नाही.' वर त्याने जाता जाता सांगितलं, "शिवणकामाची बॅच बंद केली आता. प्लेसमेंटच नाही त्यात."

परत येताना एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. कागद म्हणतो दादा पास, ताई नापास. गाव म्हणतं उलटं. आणि बॅच ठेवायची की बंद करायची ते मात्र कागद बघून ठरणार! मग वाचायला लागलो, सरांना विचारलं, आणि लक्षात आलं की या प्रश्नावर जगभर बरंच काम झालेलं आहे. त्यातलं मला जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

दप्तरात काय काय असतं?

सरकारी कार्यालयात रोजच्या कामासाठी ज्या नोंदी होतात, त्यांना प्रशासकीय माहिती म्हणतात. साध्या भाषेत, दप्तर. आयटीआयच्या प्रवेशाची यादी, परीक्षेचा निकाल, अ‍ॅप्रेंटिसशिपचा करार, पीएफचं खातं, ईएसआयसीचा नंबर ही सगळी दप्तरं. यांपैकी एकही 'प्रशिक्षणाचा उपयोग झाला का' हे शोधायला तयार झालेलं नाही. पीएफची नोंद पगारातून कपात करायला झाली. पण २०१४ पासून प्रत्येक पीएफ सभासदाला एकच कायमचा नंबर मिळायला लागला, ज्याला आपण यूएएन म्हणतो. माणूस चाकणहून वाळूजला गेला तरी नंबर तोच. म्हणजे कोण कुठल्या महिन्यात किती पगारावर कामाला होता, हे आपोआप लिहिलं जातंय.

याउलट सर्व्हे करायचा म्हटलं तर खर्च येतो, आणि माणसं विसरतात. 'तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात किती कमावलं?' या प्रश्नाला तुम्ही तरी उत्तर द्याल का? आपल्या जिल्ह्यात अजून एक गंमत आहे. डिसेंबरात कोणी सर्व्हेला आला तर त्याला दाराला कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं भेटतील. दप्तराला हंगामाची अडचण येत नाही.

पैसे कशाचे, मोजणी त्याची

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. २०१६ पासूनच्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे : बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, मुलं पास होऊन सर्टिफिकेट निघाल्यावर ५० टक्के आणि नोकरीची खात्री पटल्यावर २० टक्के. म्हणजे दादाला काम लागायच्या आधीच ८० टक्के हिशोब मिटलेला. उरलेल्या २० टक्क्यांसाठी 'नोकरी : होय' एवढं पुरे. सहा महिन्यांनी तो माणूस तिथं आहे का, हे त्या रकान्यात कुठे बसवणार?

यात कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत. आपणही व्हायवात जे विचारतात तेवढंच वाचतो की नाही? ज्याचे मार्क, त्याचा अभ्यास.

'नाहीतर काय झालं असतं?'

आता मुख्य गोष्ट. समजा, नोकरीची नोंद अगदी खरी आहे, वर्षभराचा पगारही दिसतोय. तरी 'आधी किती कमवत होता, नंतर किती कमवतो' एवढी वजाबाकी करून चालत नाही. का, ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने बघू.

२०१५ साली इथे भयंकर दुष्काळ होता. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला. आता एखाद्याने दुष्काळात, हाताला काम नाही म्हणून कोर्स केला. पुढच्या वर्षी त्याची कमाई दुप्पट झाली. श्रेय कोर्सचं की पावसाचं? आधी-नंतरची वजाबाकी सगळं श्रेय कोर्सला देऊन मोकळी होते.

हाच घोळ अमेरिकेत सापडला होता. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली एक अभ्यास छापला. १९६४ साली सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या कामगारांच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदी त्याने काढल्या. तिथल्या कामगारांच्या कमाईचं ते सरकारी दप्तर. त्याला दिसलं की प्रशिक्षणाच्या अगदी आधी या लोकांची कमाई घसरलेली असते. साहजिकच आहे. काम सुटलेला माणूसच प्रशिक्षणाला येतो. आणि खड्ड्यातला माणूस कोर्स न करताही थोडाफार वर येतोच. या खड्ड्याला अर्थशास्त्रात आजही त्याचंच नाव आहे. सर्व्हेत हा खड्डा दिसला नसता. अनेक वर्षांची नोंद सलग होती म्हणून दिसला.

म्हणजे खरा प्रश्न 'कोर्सनंतर काय झालं' हा नाही. 'कोर्स केला नसता तर काय झालं असतं' हा आहे. एकच माणूस एकाच वेळी कोर्स केलेला आणि न केलेला असू शकत नाही. म्हणून त्याच्यासारखाच दुसरा कोणीतरी शोधावा लागतो. हा 'त्याच्यासारखाच' शब्द फार फसवा आहे. रॉबर्ट लालोंड याने १९८६ साली हे दाखवून दिलं. एका कार्यक्रमात उमेदवार चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले होते, त्यामुळे खरा फायदा किती ते माहीत होतं. मग त्याने निवड न झालेल्यांना बाजूला ठेवून, तुलनेला दुसरीकडच्या सर्व्हेंमधली सर्वसाधारण माणसं घेतली. उत्तरं पार बदलली, काही ठिकाणी तर फायद्याच्या जागी तोटा दिसला! आकडेमोड बरोबर, पण जोडीदार चुकीचा.

कट-ऑफचा उपयोग

मग योग्य जोडीदार शोधायचा कसा? आपल्याला इंजिनिअरिंगवाल्यांना हे चटकन कळेल, कारण आपण सगळे कॅप राउंडमधून आलोय. आठवा, एका मार्काने ब्रँच हुकलेला मित्र. त्याच्यात आणि त्या ब्रँचला लागलेल्या शेवटच्या मुलात हुशारीचा फरक किती? जवळजवळ शून्य. त्या दिवशी एक गणित सुटलं की नाही, एवढाच.

आपल्या राज्यात आयटीआयचे प्रवेशही असेच ऑनलाइन, दहावीच्या मार्कांवर, गुणवत्ता यादीने होतात. प्रत्येक ट्रेडचा, प्रत्येक प्रवर्गाचा कट-ऑफ लागतो. कट-ऑफच्या जरा वरचे आत, जरा खालचे बाहेर. दोघांची घरची परिस्थिती सारखी, पाऊस सारखा, दुष्काळ सारखा. फरक फक्त प्रवेशाचा. पाच वर्षांनी दोन्ही गटांची पीएफची नोंद काढून ताडून बघितली, तर जो फरक दिसेल तो प्रशिक्षणाचा मानायला हरकत नाही. खालच्यांतले काही दुसऱ्या आयटीआयला लागलेले असतात, तेवढा हिशोब करावा लागतो. पण यादी दप्तरात आहेच, नव्याने काही गोळा करायचं नाही.

एक साधं गणित करू. समजा, पहिल्या कोर्सच्या १०० मुलांपैकी ६० जणांना नोकरी लागली, पण कट-ऑफखाली राहिलेल्या १०० पैकी ५५ जणांना तशीच लागली. कोर्सचा फायदा ५ जणांना. दुसऱ्या कोर्सच्या १०० पैकी फक्त ३० जणांना लागली, पण बाहेर राहिलेल्यांपैकी फक्त १० जणांना. फायदा २० जणांना. सत्कार पहिल्या कोर्सचा होणार, 'प्लेसमेंट नाही' म्हणून दुसरा बंद पडणार. आणि खरं काम दुसरा करत होता! दुसरा कोर्स ज्या मुलांना घेतो त्यांना कोर्सशिवाय वाटच नसते, म्हणून त्याची टक्केवारी कमी दिसते.

मोठ्या प्रमाणावर हे झालंय दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात. आपल्यासारखाच, बिगरनोंदणीची कामं भरपूर असलेला देश. तिथे २००५ साली गरीब तरुणांच्या प्रशिक्षणात जागांपेक्षा जास्त उमेदवार निवडून, प्रवेश कोणाला द्यायचा ते सोडतीने ठरवलं. पुढे अभ्यासकांनी त्या उमेदवारांची नावं सामाजिक सुरक्षेच्या सरकारी नोंदींशी जोडली आणि दहा वर्षांपर्यंत माग काढला. सोडतीत नंबर लागलेल्यांमध्ये नोंदणीकृत नोकरीचं प्रमाण जास्त होतं, नोंदणीकृत कमाईही जास्त होती, आणि हा फरक वर्षानुवर्षं टिकून होता. एकही नवीन फॉर्म भरून न घेता!

रद्दी आत, रद्दी बाहेर

हे सगळं ठीक, पण नोंदच खोटी किंवा रिकामी असेल तर? देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळाची तपासणी केली. अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे ९५ लाख ९० हजार प्रशिक्षणार्थींच्या नोंदी तपासल्या, तर ९४ टक्क्यांहून जास्त ठिकाणी बँक खात्याचा रकाना कोरा होता, नाहीतर त्यात शून्य किंवा तत्सम काहीतरी भरलेलं. काही ठिकाणी तर खाते क्रमांक म्हणून नुसते एकावर एक! रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून ऑपरेटर काहीतरी दाबून मोकळा होतो. प्रॅक्टिकलच्या रीडिंगचं आपण काय करतो ते आठवा, म्हणजे हसू येणार नाही.

दुसरी अडचण नावांची. दोन दप्तरं जोडायची तर एकच माणूस दोन्हीकडे ओळखू यायला हवा. आपल्याकडे ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग कोणी 'डी'ने सुरू करतो, कोणी 'जी'ने. शेख कुठे पूर्ण, कुठे दोनच अक्षरांत. आणि सगळ्यात मोठा घोळ मुलींचा. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. कॉम्प्युटरला वाटतं या दोन वेगळ्या बायका. जोडणी झाली नाही की नोंद होते, 'नोकरी सापडली नाही.' मग कोणीतरी निष्कर्ष काढतो की मुलींना प्रशिक्षण देऊन उपयोग नाही! प्रशिक्षण चुकलं नव्हतं, जोडणी चुकली होती.

जो दप्तरात नाही, त्याचं काय?

आता ताईकडे येतो. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. घरात मशीन चालवणारी बाई त्यात कुठून येणार? उसाच्या फडात टनावर मजुरी घेणारा कोयताही त्यात नाही. म्हणजे पीएफच्या दप्तरात दादा (परत आल्यानंतरचा) आणि ताई दोघंही सारखेच : शून्य. एक फडात, दुसरी स्वतःच्या उंबऱ्याच्या आत. शून्याचा अर्थ बेकार असा घेतला, की ताईसारख्या सगळ्या जणी नापास.

मग ताई कुठल्याच वहीत नाही का? यावर मी बरेच दिवस विचार केला. बचत गटाच्या वहीत ती आहे, तिचे हप्ते वेळेवर जातात. पण माझ्या मते तिची सगळ्यात खरी नोंद गावच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. भाचा तिसरीत आहे. आई-बाप उसाला गेले की लेकराची हजेरी दिवाळीनंतर तुटते आणि पाडव्याच्या आसपास परत सुरू होते. जी मुलं मागं राहतात त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालवली जातात, आणि जी सोबत जातात त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक देतात. म्हणजे कुठल्या गावातून, कुठल्या हंगामात, कोणाच्या घराला कुलूप लागलं, हे शाळेच्या दप्तरात आधीच लिहिलेलं आहे! भाच्याची हजेरी दोन वर्षं नोव्हेंबर ते मार्च सलग आहे. बीड जिल्ह्यात एखाद्या प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे विचारायचं असेल तर पीएफसोबत हा हजेरीपटही उघडायला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझंच गणित चुकेल. ताईला मशीन आधीच थोडीफार येत होती, आणि घरात मशीन होती. कोर्स नसता केला तरी तिने हेच केलं असतं का? मला माहीत नाही. तिच्या शेजारणीनेही त्याच बॅचला नाव दिलं होतं, जागा भरल्या म्हणून ती राहिली, आणि ती अजून कोयत्यावर जाते. पण एका शेजारणीवरून सिद्ध काहीच होत नाही. त्यासाठी त्या बॅचच्या आत-बाहेर राहिलेल्या सगळ्या जणींची यादी लागेल. ती यादी केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. बॅच बंद करण्याआधी कोणीतरी ती उघडायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं.

आपण काय करू शकतो?

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधत फिरणाऱ्या ज्युनिअर मित्रांनो, तिसऱ्यांदा लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम करण्यापेक्षा हे बघा. मराठी नावं वेगवेगळ्या स्पेलिंगमधून ओळखून जोडणारा प्रोग्रॅम, माहेर-सासरच्या नावांसकट, हा खरा उपयोगाचा प्रोजेक्ट आहे. मात्र एक पथ्य. त्या ऑपरेटरने मला स्क्रीन दाखवली, तेही खरं तर चूकच होतं. ताईचं नाव माझ्याऐवजी कोणालाही दिसलं असतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. म्हणून जोडणी झाली की नाव, आधार, मोबाइल काढून टाकायचं, जागी नुसता कोड ठेवायचा. आपल्याला शंभर जणींचं काय झालं ते हवंय, अमुक एकीचं नाही.

आणि शेवटचं, जरा जवळचं. कुठल्याही कॉलेजच्या गेटवर प्लेसमेंटचा फ्लेक्स दिसला की आपण टक्के वाचतो. यापुढे दोन प्रश्न विचारू या : टक्के कितीपैकी? आणि वर्षाने त्यातले किती जण तिथंच? सर, हसू नका, हे प्रश्न तुम्हीच शिकवलेत.

परवा ताईचा फोन आला होता. गावातल्या तीन पोरी दुपारी तिच्याकडे कटिंग शिकायला येतात म्हणे. केंद्रावरची बॅच बंद झाली, पण ताईच्या ओट्यावरची सुरू आहे. तिची नोंद अजून कुठल्याच वहीत नाही. निदान या अंकात झाली.